सयाजीराव गायकवाड (तिसरे)

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) (जन्म : ११ मार्च १८६३, कवळाणे, जि. नाशिक, मृत्यू : ६ फेब्रुवारी १९३९, मुंबई) हे बडोदा संस्थानाचे अधिपती होते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि सार्वजनिक ग्रंथालय चळवळ यांचे भारतातील प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडिलांचे नाव काशीराव. दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी १८७५ मध्ये त्यांना दत्तक घेतले. १८८१ मध्ये राज्यकारभाराचे सर्वाधिकार त्यांना मिळाले. अमरेली भागात १८९३ मध्ये सुरू केलेले सक्तीचे शिक्षण त्यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू केले. शाळा सुटल्यावर वाचनाची सोय नसेल, तर साक्षरता टिकत नाही, या जाणिवेतून त्यांनी ग्रंथालयांकडे लक्ष वळविले.

ग्रंथालय व्यवस्था

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. गावाने वर्गणी जमविल्यास तेवढीच रक्कम संस्थान व प्रांत पंचायत यांनी द्यावी, अशी पद्धत ठेवण्यात आली. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पोहोचविली जात.

वर्गीकरण व तालिका

वहीत केलेल्या नोंदींत नवे पुस्तक शेवटी जाते आणि विषयवार क्रम राहत नाही. कार्ड-तालिकेत प्रत्येक नोंद सुट्या कार्डावर असल्याने नवे कार्ड योग्य जागी घालता येते. लेखक, शीर्षक वा विषय यांपैकी काहीही ठाऊक असले तरी पुस्तक सापडते. बोर्डन यांनी ड्यूई व कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. ही पद्धत चालविण्यासाठी जाणकार माणसे हवी होती. म्हणून १९११ मध्ये ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. १९१२ पासून ग्रंथालयविषयक त्रैमासिक इंग्रजी, गुजराती व मराठीत निघू लागले. बोर्डन १९१३ मध्ये परतले, तरी प्रशिक्षित स्थानिक कर्मचाऱ्यांमुळे काम थांबले नाही.

उत्तरकाळ

१९३२ मध्ये कोल्हापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीरावांनी भूषविले. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही वाचकांसाठी खुले आहे.