मार्माड्यूक पिकथॉल : कादंबरीकार ते भाषांतरकार

मार्माड्यूक पिकथॉल यांचा जन्म ७ एप्रिल १८७५ रोजी लंडन येथे झाला. अँग्लिकन धर्मोपदेशक असलेले वडील त्यांच्या बालपणीच निवर्तले. हॅरो येथील शालेय शिक्षणानंतर वकिलातीतील नोकरीच्या परीक्षेत त्यांना अपयश आले. त्यानंतर १८९४ ते १८९६ या काळात ते इजिप्त, पॅलेस्टाईन व सीरिया येथे हिंडले, अरबी शिकले आणि सामान्य जनांत मिसळले. दमास्कस येथे त्यांनी इस्लाम स्वीकारण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा उमय्या मशिदीतील वृद्ध शेखांनीच त्यांना परावृत्त केले. त्यांचे कोवळे वय आणि मायदेशी असलेली आई यांचा विचार त्यामागे होता.

ही घटना पिकथॉल यांच्या चरित्रात निर्णायक ठरते. परतल्यावर ते श्रद्धावान ख्रिस्ती म्हणूनच जगले. १९०३ मध्ये 'सईद द फिशरमन' या कादंबरीने त्यांना कीर्ती मिळवून दिली. १९१३ मध्ये त्यांनी तुर्कस्थानात काही महिने वास्तव्य केले. पुढे महायुद्धात ब्रिटन व तुर्कस्थान परस्परांचे शत्रू झाले असतानाही त्यांनी तुर्कांची बाजू मांडली आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. नोव्हेंबर १९१७ मध्ये लंडन येथे त्यांनी इस्लामचा जाहीर स्वीकार केला. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते.

१९२० मध्ये ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक म्हणून मुंबईस आले. खिलाफत व असहकाराच्या त्या काळात राष्ट्रीय बाण्याच्या या पत्राची धुरा त्यांनी १९२४ पर्यंत वाहिली. त्यानंतर निजामाच्या हैदराबाद संस्थानात ते शाळेचे मुख्याध्यापक झाले व १९२७ पासून 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकाचे संपादक होते. निजामाने दिलेल्या दोन वर्षांच्या रजेमुळे कुराणाचे इंग्रजी भाषांतर सिद्धीस गेले. इजिप्तमधील विद्वानांशी विचारविनिमय करून त्यांनी ते १९३० मध्ये प्रसिद्ध केले. मूळ ग्रंथ भाषांतरित होऊच शकत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून शीर्षकात त्यांनी केवळ 'अर्थ' सांगत असल्याचे नमूद केले.

१९३५ मध्ये ते इंग्लंडला परतले. १९ मे १९३६ रोजी त्यांचे निधन झाले आणि ब्रुकवुड येथे दफनविधी झाला. दमास्कसमधील ऊर्मी व लंडनमधील निर्णय यांत दोन दशकांहून अधिक अंतर आहे. या अंतरामुळेच त्यांच्या धर्मांतराकडे क्षणिक आकर्षणाचे फलित म्हणून पाहता येत नाही. इतरांच्या जगाचे चित्रण करणारा कादंबरीकार त्या काळात त्या जगाचे उत्तरदायित्व स्वीकारण्याइतका परिपक्व झाला होता. भाषांतरातील त्यांचा संयम ही त्याच परिपक्वतेची खूण होय.