विल्यम फार

विल्यम फार (३० नोव्हेंबर १८०७ – १४ एप्रिल १८८३) हे इंग्लंडमधील वैद्य व संख्याशास्त्रज्ञ होते. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदींवरून निरनिराळ्या जनसमूहांच्या आयुष्याची शास्त्रशुद्ध तुलना कशी करावी, हे त्यांनी दाखवून दिले. रोगपरिस्थितिविज्ञानाच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते.

जन्म आणि शिक्षण

फार यांचा जन्म श्रॉपशायर परगण्यातील केन्ली या खेड्यात गरीब कुटुंबात झाला. डॉरिंग्टन येथील जोसेफ प्राइस या सधन गृहस्थांनी त्यांचा सांभाळ केला. प्राइस १८२८ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या ५०० पौंडांच्या बळावर फार यांनी पॅरिस येथे व नंतर लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८३२ मध्ये त्यांना वैद्यकीचा परवाना मिळाला. लंडनमध्ये त्यांनी व्यवसाय सुरू केला, परंतु त्यांचे लक्ष रुग्णांपेक्षा आकड्यांकडेच अधिक होते. १८३७ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचे क्षयाने निधन झाले. त्याच वर्षी जीवनविषयक आकडेवारीवरील त्यांचा विस्तृत लेख प्रसिद्ध झाला.

नोंदणी कार्यालयातील कार्य

इंग्लंड व वेल्समध्ये १८३७ पासून जन्म, मृत्यू व विवाह यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. नव्या महानोंदणी कार्यालयात फार यांची नेमणूक झाली आणि सुमारे चाळीस वर्षे ते तेथे राहिले. मृत्यूच्या कारणांना एकसारखी नावे नसल्यास आकड्यांची बेरीज निरर्थक ठरते, हे ओळखून त्यांनी रोगांचे वर्गीकरण तयार केले. १८५३ च्या ब्रुसेल्स येथील आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने असे वर्गीकरण रचण्याचे काम त्यांच्याकडे व जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्याकडे सोपविले. आजच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची मुळे या कार्यात आहेत.

आयुष्याची तुलना

निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या मृत्यूसमयीच्या वयाची सरासरी काढून कोणता व्यवसाय आरोग्यदायी, हे ठरविण्याची तेव्हा प्रथा होती. फार यांनी १८४३ च्या सुमारास तिच्यातील दोष उघड केला. बिशप किंवा सेनापती हे कनिष्ठ पाद्री किंवा नवख्या अधिकाऱ्यांपेक्षा अधिक वयात मरतात, याचा अर्थ ते पद आयुष्य वाढविते असा नव्हे. त्या पदापर्यंत पोहोचण्यासाठीच मनुष्याला बरीच वर्षे जगावे लागते. म्हणून प्रत्येक वयोगटात जिवंत किती व त्यांपैकी मृत किती, हे पाहूनच तुलना केली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हाच दोष आजच्या औषधविषयक अभ्यासांतही आढळतो.

त्यांनी इंग्लंडमधील सर्वांत निरोगी ६३ जिल्ह्यांची स्वतंत्र आयुर्मान सारणी तयार केली. तेथील वार्षिक मृत्युदर हजारी १७ इतका होता. त्याहून अधिक होणारे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले.

१८६४ मध्ये प्रसिद्ध झालेली तिसरी इंग्लिश आयुर्मान सारणी ६० लाखांहून अधिक मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेली होती. तिच्यासाठी स्वीडनच्या शॉइट्झ पितापुत्रांच्या रचनेवरून बनविलेले गणनयंत्र वापरले गेले. चार्ल्स बॅबेज यांच्या कल्पनेतून स्फुरलेले हे यंत्र आकडेमोड करून तिचे छपाईचे ठसेही तयार करीत असे. मात्र त्याची सतत निगा राखावी लागे. त्यामुळे थोडीच पाने पूर्णतः यंत्राने तयार झाली.

पटकीच्या साथी

१८४९ च्या साथीत लंडनमध्ये पटकीने सुमारे १४ हजार लोक दगावले. थेम्स नदीच्या पातळीपासून वस्ती जितकी उंच, तितके मृत्यू कमी, असे फार यांना आढळले. त्यांचे आकडे बिनचूक होते. पण दूषित हवेमुळे रोग होतो ही प्रचलित समजूत त्यांना त्यातून दृढ झालेली दिसली. वस्तुतः सखल भागातील लोक नदीचे घाण पाणी पीत होते. जॉन स्नो यांनी पाण्याचा सिद्धान्त मांडला, तेव्हा तो पूर्णतः मान्य नसतानाही फार यांनी त्यांना मृत्यूंच्या नोंदी पुरविल्या. १८६६ च्या साथीत पूर्व लंडनमधील मृत्यू एकाच पाणीकंपनीच्या क्षेत्रात एकवटल्याचे फार यांनीच दाखवून दिले. तोवर स्नो यांना जाऊन आठ वर्षे झाली होती.

भारताशी संबंध

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना क्रिमियन युद्धातील मृत्यूंच्या आकडेवारीत फार यांचे मोलाचे साहाय्य झाले. भारतातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजकीय आयोगाचे ते सदस्य होते. भारतातील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे त्या आयोगाच्या १८६३ च्या अहवालातून उघड झाले.

अखेरची वर्षे

१८५५ मध्ये फार रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. परंतु कार्यालयाचे सर्वोच्च पद रिक्त झाले, तेव्हा त्यांना डावलण्यात आले. त्यानंतर १८८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला व १८८३ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवडक लेखनाचा संग्रह १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोन रुग्णगटांपैकी कोणता अधिक काळ जगला, हे आज संगणकप्रणाली क्षणार्धात सांगतात. मात्र त्या वापरीत असलेले कॅप्लन–मायर पद्धतीसारखे गणितही, त्या त्या क्षणी जिवंत किती आणि मृत किती, या फार यांच्याच प्रश्नापासून सुरू होते.