ह्यूगो बोरखार्ट

ह्यूगो बोरखार्ट (जन्म : माग्देबुर्ग, ६ जून १८४४; मृत्यू : बर्लिन, ८ मे १९२४) हे जर्मन यंत्रज्ञ व शस्त्ररचनाकार होते. कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊन बाजारात विकले गेलेले पहिले स्वयंभरणी पिस्तूल, सी-९३, ही त्यांची निर्मिती होय. पुढे या पिस्तुलाची सुधारित आवृत्ती गेऑर्ग लुगर यांच्या नावाने जगभर ओळखली गेली आणि मूळ रचनाकाराचे नाव मागे पडले.

== अमेरिकेतील काळ ==
बोरखार्ट १८६०च्या सुमारास अमेरिकेत गेले. विंचेस्टर कंपनीसाठी त्यांनी रिव्हॉल्व्हरचे काही नमुने तयार केले. मात्र त्यांचे उत्पादन झाले नाही. शार्प्स कंपनीसाठी त्यांनी रचलेली १८७८ची एकफैरी रायफल लांब पल्ल्याच्या नेमबाजीत नावाजली गेली. ही कंपनी १८८१ मध्ये बंद पडल्यावर ते युरोपात परतले व काही काळ बुडापेस्ट येथील शस्त्रकारखान्यात होते.

== सी-९३ पिस्तूल ==
ऑस्ट्रियात स्वयंभरणी पिस्तुलांचे प्रयोग आधीच सुरू झाले होते, पण ती पिस्तुले नमुन्यांच्या फारशी पुढे गेली नाहीत. धूररहित दारूमुळे नळीत व यंत्रणेत साचणारी काजळी कमी झाली होती. बोरखार्ट यांनी तिचा लाभ घेऊन ७.६५ मिलिमीटरचे बाटलीच्या आकाराचे काडतूस व त्याला साजेसे पिस्तूल असा जोड तयार केला. बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले.

या पिस्तुलातील कुलूप गुडघ्याच्या सांध्यासारखे होते. मॅक्सिम यांच्या मशीनगनमध्ये हे तत्त्व आधी वापरले गेले होते. गोळी सुटताच नळी व बोल्ट एकत्र मागे सरकत. मग सांधा वरच्या दिशेने दुमडून रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई. आठ काडतुसांचे सुटे मॅगझिन मुठीतच बसे. आज नेहमीची वाटणारी ही रचना तेव्हा नवी होती. लाकडी दस्ता जोडल्यास पिस्तूल छोट्या कार्बाइनसारखे खांद्याला लावता येई, आणि नेम धरायला तेच अधिक सोयीचे होते. कारण सव्वा किलोच्या आसपास वजन आणि मुठीमागे लांब गेलेली स्प्रिंगची पेटी यांमुळे ते एका हातात नीट तोलले जात नसे. शिवाय ही स्प्रिंग काळजीपूर्वक जुळवावी लागे.

अमेरिकी नौदल व स्विस सैन्य यांनी चाचण्या घेतल्या, पण पिस्तूल स्वीकारले नाही. एकूण सुमारे ३,००० नगच तयार झाले.

== लुगर यांच्या सुधारणा ==
बोरखार्ट आपल्या रचनेत मोठे बदल करण्यास उत्सुक नव्हते, असे सांगितले जाते. ते काम लुगर यांनी केले. त्यांनी स्प्रिंग मुठीत नेली, मुठीला तिरका कोन दिला व पिस्तूल आटोपशीर केले. स्वित्झर्लंडने ते १९०० मध्ये, तर जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारले. सांध्याचे कुलूप व मुठीतील मॅगझिन मात्र बोरखार्ट यांचेच राहिले. त्यांच्या काडतुसावरून माउझर सी-९६चे काडतूस, व त्यावरून पुढे सोव्हिएत तोकारेव्ह पिस्तुलाचे काडतूस आले.