वर कुणी नको म्हणणारा पाळक

विल्यम कॅरी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला राहून त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. ते बाप्टिस्ट पंथाचे होते, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पुढची हकीकत मात्र सहसा सांगितली जात नाही. ज्या बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीने त्यांना हिंदुस्थानात धाडले, ती १७९२ साली इंग्लंडात उभी करण्यात कॅरी यांचाच पुढाकार होता. तरीही १८२७ मध्ये श्रीरामपूरच्या मिशनने याच सोसायटीपासून फारकत घेतली. भांडण धर्मतत्त्वाचे नव्हते. श्रीरामपूरच्या मालमत्तेवर आणि कारभारावर शब्द कुणाचा चालायचा, तिथे राबणाऱ्यांचा की इंग्लंडातल्या कमिटीचा, यावरून ते पेटले होते.

हा प्रश्न बाप्टिस्टांच्या पाचवीलाच पुजलेला आहे. कॅरी यांच्यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत एका पाळकाने तो पार टोकाला नेला. त्याचे नाव जे. फ्रँक नॉरिस. टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थ शहराच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचे हे पाळक आपल्या हयातीत अमेरिकन वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर वारंवार झळकत. आज अमेरिकेत जी चर्चेस स्वतःला ‘इंडिपेंडंट बाप्टिस्ट’, म्हणजे स्वतंत्र बाप्टिस्ट म्हणवतात, त्यांतल्या कितीतरींची वंशावळ नॉरिस यांच्यापाशी जाऊन थांबते. नॉरिस यांच्या धर्ममतांशी माझे देणेघेणे नाही. मला कुतूहल आहे ते त्यांना हव्या असलेल्या स्वातंत्र्याचे, आणि ते मिळाल्यावर त्यांनी त्याचे काय केले याचे.

पण बाप्टिस्ट तर सगळेच स्वतंत्र, मग ‘स्वतंत्र बाप्टिस्ट’ हा काय प्रकार, असा प्रश्न कुणालाही पडेल. पंथाची सुरुवात १६०९ च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये आसरा घेतलेल्या मूठभर इंग्रजांपासून झाली. तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, समजत्या वयात श्रद्धा कबूल करणाऱ्यालाच तो द्यावा, हा त्यांचा आग्रह. त्यातूनच दुसरी गोष्ट निघाली. अशा श्रद्धावंतांची मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहील, मतदान करून आपला पाळक निवडील, तिच्यावर बिशप नसेल आणि सरकारही नसेल. (मंडळी हा आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती समाजाचाच शब्द, एका चर्चचे सभासद म्हणजे त्याची मंडळी.)

तत्त्व छान आहे. पण एकटी मंडळी कॉलेज काढू शकत नाही, इस्पितळ चालवू शकत नाही, दूरदेशी मिशनरी पाठवून त्यांना वर्षानुवर्षे पोसू शकत नाही. म्हणून मंडळ्यांनी एकत्र येऊन संघटना केल्या. त्यांतली सर्वांत मोठी सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी जन्मली. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमावे की नाही या वादातून दक्षिणेकडचे लोक फुटून निघाले होते. या कन्व्हेन्शनला कागदोपत्री कुठल्याही मंडळीवर हुकूम गाजवता येत नाही. ती पाळक नेमू शकत नाही, काढू शकत नाही. फार तर अधिवेशनात एखाद्या मंडळीचे प्रतिनिधी बसवून घ्यायला नकार देऊ शकते. परंतु धर्मशिक्षणाची कॉलेजे, साप्ताहिके, संडे स्कूलचे छापील धडे आणि मिशनचा पैसा तिच्या हाती. हुकूम नसला तरी वजन होते, आणि नॉरिस यांना ते वजन सहन होईना.

त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १८७७ चा, अलाबामा राज्यातल्या डेडव्हिलचा. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे आणि पक्के दारुडे. कुटुंब टेक्सासात हबर्डला आले तेव्हा फ्रँक लहान होता. दारिद्र्यातून वर येऊन त्यांनी १९०३ मध्ये बेलर विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९०५ मध्ये लुइव्हिलच्या बाप्टिस्ट सेमिनरीतून शिक्षण पुरे केले. पुढे डॅलसमध्ये पाळक, मग टेक्सासच्या बाप्टिस्टांच्या ‘बाप्टिस्ट स्टँडर्ड’ या साप्ताहिकाचे संपादक. शर्यतींवरच्या जुगाराविरुद्ध त्यांनी त्या पत्रातून रान उठवले. १९०९ मध्ये ते फोर्ट वर्थला आले आणि मरेपर्यंत तिथलेच राहिले.

फोर्ट वर्थ म्हणजे तेव्हा गुरांच्या बाजाराचे आणि मांसाच्या कारखान्यांचे शहर. दारूचे गुत्ते आणि वेश्यावस्ती यांनी भरलेला एक भाग तिथे होता. चर्चमध्ये गावातले धनिक. नॉरिस यांनी व्यासपीठावरून गुत्त्यांवर आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या बड्या लोकांवर हल्ला चढवला. प्रवचनांचे विषय नाटकाच्या जाहिरातीसारखे झळकू लागले. धनिक कंटाळून निघून गेले, त्यांच्या जागी कामकरी लोकांची गर्दी लोटली. १९१२ मध्ये चर्च जळाले. नॉरिस यांच्यावरच खोटी साक्ष देण्याचे आणि आग लावण्याचे खटले भरले गेले, आणि त्यांतून ते सुटले. प्रत्येक संकटातून त्यांची मंडळी वाढतच गेली.

मग गाठ पडली स्वपंथीयांशी. पहिल्या महायुद्धानंतर सदर्न बाप्टिस्टांनी साडेसात कोटी डॉलरचा निधी जमवायची मोहीम काढली. नॉरिस आधी सामील झाले, मग उलटले. वरून आकडा ठरवून मंडळ्यांकडून वसुली करणे म्हणजे नवी बिशपशाहीच, असा त्यांचा दावा. बेलर विद्यापीठात उत्क्रांतिवाद शिकवला जातो, म्हणून आपल्याच विद्यापीठावर त्यांनी तोफ डागली. कन्व्हेन्शनचे संडे स्कूलचे धडे फेकून दिले आणि वर्गात नुसते बायबल शिकवायला लावले. डॅलसचे जॉर्ज ट्रूएट हे टेक्सासच्या बाप्टिस्टांमधले सर्वांत आदरणीय पाळक. तेही नॉरिस यांच्या पत्राच्या माऱ्यातून सुटले नाहीत. १९२२ मध्ये काउंटीच्या संघटनेने त्यांच्या मंडळीला बाहेर काढले, १९२४ मध्ये राज्याच्या कन्व्हेन्शनने कायमचे दार लावले. यापलीकडे काही करणे कुणाच्याच हाती नव्हते. चर्च त्यांचे, मंडळी त्यांच्या पाठीशी.

त्यानंतर दोनच वर्षांनी जे घडले त्यापाशी मी दर वेळी अडखळतो. शहराचे महापौर एच. सी. मीचम कॅथलिक होते. नॉरिस यांनी त्यांच्यावर जाहीर आरोपांची झोड उठवली होती. १७ जुलै १९२६ रोजी मीचम यांचे मित्र, लाकडाचे व्यापारी डी. ई. चिप्स, जाब विचारायला नॉरिस यांच्या चर्चमधल्या कचेरीत गेले. बाचाबाची झाली आणि नॉरिस यांनी पिस्तूल काढून चिप्स यांना ठार केले. चिप्स यांच्याजवळ हत्यार नव्हते. जानेवारी १९२७ मध्ये ऑस्टिनच्या ज्यूरीने स्वसंरक्षणाचा मुद्दा मानून नॉरिस यांना निर्दोष सोडले. कायद्याने आपला निकाल दिला, त्यावर मी बोलत नाही. पण या सगळ्या काळात त्यांना काही दिवस व्यासपीठ सोडा असे सांगू शकणारी एकही संस्था उरली नव्हती, आणि जी मंडळी सांगू शकत होती ती त्यांच्यामागे ठाम उभी राहिली.

पुढची वीस वर्षे त्यांच्या भरभराटीची. १९२८ मध्ये अल स्मिथ या कॅथलिक उमेदवाराला अध्यक्षपदापासून रोखण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याचे ते पुरस्कर्ते होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. १९३५ मध्ये डेट्रॉइटच्या टेंपल बाप्टिस्ट चर्चने त्यांना बोलावले. मोटारींच्या कारखान्यांत पोटासाठी आलेले दक्षिणेकडचे लोक तिथे जमत. मग दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या दोन चर्चचे पाळकपद एकाच माणसाने आलटून पालटून सांभाळायचा अजब संसार सुरू झाला. रेडिओ, साप्ताहिक आणि फोर्ट वर्थला १९३९ मध्ये काढलेली बायबलची शाळा यांतून त्यांनी तरुण पाळकांची एक पिढी घडवली.

स्वतंत्र बाप्टिस्टांची खरी ओळख इथे पटते. बाप्तिस्म्याबद्दल त्यांचे इतर बाप्टिस्टांशी भांडण नाही. फरक आहे तो पैशाच्या आणि जबाबदारीच्या वाटेत. सदर्न बाप्टिस्ट मंडळी १९२५ पासून चालत आलेल्या सामाईक निधीत आपला वाटा भरते आणि बोर्ड त्यातून मिशनरीला पगार देते. स्वतंत्र बाप्टिस्ट मिशनरी स्वतः गावोगावच्या चर्चमध्ये हिंडतो आणि प्रत्येक मंडळीकडून दरमहा अमुक मदतीचे वचन मिळवतो. त्याला पाठवणारी एक मंडळीच असते. कन्व्हेन्शनऐवजी ‘फेलोशिप’ असते, आणि ती मुख्यतः पाळकांची आपसातली संगत. मंडळीचे प्रतिनिधी नाहीत, बंधनकारक ठराव नाहीत. शिवाय अलगपणावर भर. चुकीच्या मताच्या माणसाशी संबंध नको, आणि त्याच्याशी संबंध ठेवणाऱ्याशीही नको. पुष्कळ चर्चमध्ये १६११ चे किंग जेम्स बायबल सोडून दुसरे इंग्रजी भाषांतर चालत नाही.

यात एक साधेपणा आणि जिव्हाळा आहे हे मान्य केले पाहिजे. लहान गावातला कष्टकरी सभासद आपल्या पैशावर कुठला मिशनरी कुठे काम करतो हे नावानिशी जाणतो. दूरच्या कचेरीला आपला पैसा पोचता करून विसरून जाण्यापेक्षा ते वेगळेच.

पण वरच्या सत्तेला नकार देणारा माणूस आपल्या हाताखालच्यांना किती मोकळीक देतो? नॉरिस यांनी शाळेचे अध्यक्षपद डेट्रॉइटमधले आपले सहकारी बोशाँ विक यांना दिले होते. १९५० मध्ये त्यांनी विक यांना न विचारता संस्थेचे नियम बदलले आणि दुसराच अध्यक्ष आणून बसवला. त्या मे महिन्यात नॉरिस यांच्याच तालमीत तयार झालेले अनेक पाळक उठून बाहेर पडले. त्यांनी बाप्टिस्ट बायबल फेलोशिप स्थापली आणि मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला नवे कॉलेज काढले. डेट्रॉइटच्या मंडळीनेही नॉरिस यांच्याशी नाते तोडून विक यांना आपले पाळक केले. एका माणसाने मंडळ्यांवर सत्ता गाजवू नये, हा धडा त्यांना गुरूनेच पढवला होता. २० ऑगस्ट १९५२ रोजी, तरुणांच्या एका मेळाव्यासाठी फ्लोरिडात गेले असता, नॉरिस वारले.

स्प्रिंगफील्डच्या कॉलेजातून १९५६ मध्ये जेरी फॉलवेल बाहेर पडले. १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ काढून त्यांनी अमेरिकेच्या राजकारणात खळबळ उडवली. १९९६ मध्ये त्यांच्या चर्चने सदर्न बाप्टिस्टांशीही नाते जोडले. नॉरिस यांनी पाठ फिरवलेली कन्व्हेन्शन तोवर बरीचशी नॉरिस यांच्या मतांकडे सरकली होती.

डिसेंबर २०१८ मध्ये फोर्ट वर्थच्याच ‘स्टार-टेलिग्राम’ या दैनिकाने स्वतंत्र बाप्टिस्ट चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांचा शोध घेतला. १८७ चर्च आणि संस्थांमधले किमान ४१२ आरोप पुढे आले. संशयित पाळक एका गावातून निघून दुसऱ्या गावात पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले होते. एका मंडळीने दुसरीला सावध करावे अशी सोयच नव्हती. याचा अर्थ कन्व्हेन्शनवाले धुतल्या तांदळासारखे असा नव्हे. मंडळ्या स्वायत्त आहेत, आम्ही दोषी पाळकांची यादी कशी ठेवणार, हे सदर्न बाप्टिस्ट पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षे दिलेले कारण २०२२ च्या चौकशी अहवालात उघडे पडले. स्वायत्ततेची ढाल दोन्हीकडे सारखीच वापरली गेली, आणि दोन्हीकडे ती पाळकांच्या कामी आली.

माझ्या मते बाप्टिस्टांच्या मूळ कल्पनेत स्वातंत्र्य मंडळीचे होते, पाळकाचे नव्हे. नॉरिस यांनी वरची सत्ता झुगारली ती मंडळीच्या नावाने, आणि ठेवून घेतली स्वतःपाशी. संस्थानिक झालेले संस्थापक पाहण्याची सवय असलेल्या आपल्या महाराष्ट्रात हे फार उकलून सांगायला नको. वर कुणी नसलेल्या चर्चमध्ये पाळकाला जाब विचारायचा तर तो समोरच्या बाकांवर बसलेल्यांनीच विचारला पाहिजे. त्या बाकांवरच्या माणसाला निर्भयपणे उभे राहून प्रश्न विचारता येतो का, एवढे पाहावे. तसे येत असेल तर ती मंडळी स्वतंत्र, मग ती कन्व्हेन्शनमध्ये असो वा बाहेर.