कमला सोहोनी

परतवाड्याहून धारणीकडे निघालेली एस.टी. मेळघाटात शिरते. तेथील वस्त्यांत अनेक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असतो. थोडा चढ चढला, की त्यांना धाप लागते. रक्तक्षयाचे मोठे कारण म्हणजे आहारात लोह कमी असणे. उर्दूत ज्याला लोहा म्हणतात, तेच हे लोह. अशा स्त्रियांना व मुलांना स्वस्त, पौष्टिक आहार कसा मिळेल, यासाठी कमला सोहोनी यांनी संशोधन केले.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत त्या पहिल्या आल्या. पुढे बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकावे, असे त्यांनी ठरविले. पण संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने असे करावे, याचे आज नवल वाटते! कमलाबाईंनी सत्याग्रह केला. तेव्हा रामन यांनी प्रवेश दिला, पण वर्षभर काम पाहून मगच तो पक्का करू, अशी अट घातली. कमलाबाईंचे काम इतके चोख होते, की पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली.

नंतर त्या इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हा पदार्थ आढळला. त्यात लोह असते. हा पदार्थ माणसाच्या पेशींतही असतो. अन्नापासून शक्ती मिळविण्यास तो मदत करतो. रक्तातील हिमोग्लोबिनमध्येही लोह असते, म्हणून ते फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोहोचवू शकते. मोठ्या माणसाच्या शरीरात लोह असते केवळ तीन-चार ग्रॅम, म्हणजे जवळजवळ रुपयाच्या नाण्याइतके! तेवढे कमी पडले, तरी माणूस थकतो. १९३९ साली कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता.

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले. १९४७ साली विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. तेथे राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताड, शिंदी या झाडांपासून मिळणारा ताजा, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. तिच्यात लोह आणि 'क' जीवनसत्त्व असल्याचे त्यांना आढळले. 'क' जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामाबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.