भुंगेऱ्याने वाचवलेला कीटकशास्त्रज्ञ

कीटकांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्यांत अग्रगण्य असलेले फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर आंद्रे लात्रेय यांचे प्राण एका भुंगेऱ्यामुळे वाचले होते. २९ नोव्हेंबर १७६२ रोजी ब्रीव्ह येथे त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र त्यांना लाभले नाही. हितचिंतकांच्या आधाराने पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन १७८६ मध्ये ते धर्मगुरू झाले. मन मात्र कीटकांतच रमले.

राज्यक्रांतीनंतर धर्मगुरूंना राज्यसत्तेशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. ती न घेतल्याने १७९३ मध्ये लात्रेय यांना अटक झाली. पुढे बोर्दोच्या तुरुंगात मृत्यूची टांगती तलवार डोक्यावर असताना, एका किड्याचे बारकाईने निरीक्षण करणारा हा कैदी तुरुंगाच्या डॉक्टरांच्या दृष्टीस पडला. निळसर चकाकीचा, खांद्याकडे तांबडा असा तो नेक्रोबिया रुफिकोलिस नावाचा भुंगेरा होता. तो दुर्मीळ असल्याचे लात्रेय यांनी सांगताच डॉक्टरांनी तो बोरी द सां-व्हेंसां या पंधरा वर्षांच्या निसर्गप्रेमी मुलाकडे पाठवला. बोरीला लात्रेय यांच्या अभ्यासाची माहिती होती. त्याने खटपट करून त्यांची सुटका घडवून आणली. सोबतचे कैदी महिन्याभरात मरण पावले.

ज्या नजरेने जीव वाचला, तिनेच पुढे शास्त्र घडवले. लिनियस यांनी कीटकांचे गण प्रामुख्याने पंखांवरून, तर फॅब्रिशियस यांनी मुखांगांवरून ठरवले होते. एकाच लक्षणावर विसंबल्याने घोटाळे होत. पंख नाहीत एवढ्यावरून लिनियस यांच्या मांडणीत पिसू, कोळी आणि खेकडा एकाच गणात पडले होते. लात्रेय यांनी पंख, मुखांगे, शृंगिका, पायाच्या टोकाकडील सांधे अशी अनेक लक्षणे एकत्र पडताळली आणि १७९६ च्या ग्रंथात निकटच्या प्रजाती कुलांमध्ये गुंफल्या. पिसवांना त्यांनी १८२५ मध्ये स्वतंत्र गणात बसवले.

१७९८ मध्ये ते पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात रुजू झाले. क्यूव्हिए यांच्या प्राणिसृष्टीवरील १८१७ च्या ग्रंथातील कीटकांचा भाग त्यांनीच लिहिला. लामार्क यांची दृष्टी गेल्यावर त्यांची व्याख्याने लात्रेय देऊ लागले. प्राध्यापकपद मात्र त्यांना १८३० मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी मिळाले. ६ फेब्रुवारी १८३३ रोजी त्यांचे निधन झाले.

मधमाश्यांच्या व शेणकिड्यांच्या कुलनामापुढे आजही लात्रेय, १८०२ अशी नोंद असते. मुंग्यांच्या कुलापुढे लात्रेय, १८०९. अनोळखी कीटक ओळखताना अभ्यासक आजही आधी पंख, तोंड, शृंगिका आणि पाय तपासतात. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांच्या स्मारकावर, त्यांना जीवदान देणाऱ्या त्या भुंगेऱ्याचे नाव कोरलेले आहे.