विश्लेषण : सर्वात तरुण विंडीज कसोटीपटू डेरेक सीली फ्रँक वॉरेल यांचे गुरू कसे ठरले?

वेस्ट इंडिजचा सर्वात तरुण कसोटीपटू कोण, या प्रश्नाचे उत्तर १९३० पासून बदललेले नाही. ते नाव आहे डेरेक सीली यांचे. मात्र त्यांचे खरे मोठे काम धावफलकावर नाही, तर बार्बाडोसमधील एका शाळेच्या मैदानावर झाले.

पदार्पण कधी?

११ जानेवारी १९३० रोजी ब्रिजटाऊन येथे इंग्लंडविरुद्ध. वेस्ट इंडिजच्या भूमीवरील हा पहिलाच कसोटी सामना. सीली तेव्हा १७ वर्षे १२२ दिवसांचे होते. पहिल्याच डावात त्यांनी ५८ धावा केल्या. जॉर्ज हेडली यांचेही पदार्पण याच सामन्यात झाले.

कारकीर्द कशी होती?

१९३५ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सीली यांनी इंग्लंडविरुद्ध ९२ धावा केल्या. विंडीजने तो सामना आणि पुढे मालिकाही २-१ अशी जिंकली. इंग्लंडविरुद्ध त्यांचा हा पहिलाच मालिका विजय. १९४२ मध्ये बार्बाडोसकडून त्यांनी अवघ्या ८ धावांत ८ बळी घेतले आणि त्रिनिदादचा संघ १६ धावांत गारद झाला. पण दुसऱ्या महायुद्धामुळे १९३९ नंतर विंडीजचा कसोटी सामना थेट १९४८ मध्ये झाला. ऐन उमेदीची वर्षे निघून गेली होती. सीली यांच्या खात्यात ११ कसोटी आणि ४७८ धावाच राहिल्या.

शाळेत काय घडले?

सीली कॉम्बरमेअर शाळेत शिक्षक होते. बार्बाडोसमधील मोठ्या शाळांचे संघ प्रौढांच्या क्लबांविरुद्ध स्पर्धेत उतरत आणि शिक्षकही विद्यार्थ्यांसोबत खेळत. म्हणजे वर्गातले सर मैदानात सहकारी असत. वॉरेल याच शाळेचे विद्यार्थी. कसोटीपटूसोबत खेळत खेळ शिकण्याची संधी त्यांना शालेय वयातच मिळाली.

वारसा काय?

हेच वॉरेल १९६०-६१ मध्ये विंडीजचे संपूर्ण मालिकेसाठी नेमलेले पहिले कृष्णवर्णीय कर्णधार झाले. १९६२ मध्ये बार्बाडोसला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर डोक्याला चेंडू लागून गंभीर जखमी झाले, तेव्हा त्यांच्यासाठी रक्तदान करणाऱ्यांत वॉरेल होते.

सीली यांचे १९८२ मध्ये त्रिनिदादमध्ये निधन झाले. महायुद्धाने त्यांची कसोटी कारकीर्द अर्ध्यावर थांबवली, पण त्यांच्या विद्यार्थ्याने विंडीज क्रिकेटचा इतिहास बदलला.